टेबल उभं करण्याआधी कोरा कागद घे

अगं, पीकविम्याच्या नोंदींचं काम तुमच्या टीमकडे आलं आणि मुख्य टेबल मांडायची जबाबदारी तुझ्यावर पडली, हे कळल्यापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात होतं. सातबारा, आठ-अ, गट नंबर, महसूल मंडळ, पंचनामा हे शब्द तुला कुणी फोड करून सांगायला नकोत. सोयाबीनचा ढीग भिजला की घरात काय होतं, हेही तुला ठाऊक आहे. या कामात ही तुझी मोठी जमेची बाजू आहे, हे आधी मनात पक्कं धर.

तू विचारलंस, "ताई, सर्व्हर केवढा मागू?" माझं ऐक, सर्व्हरचा आकडा सगळ्यात शेवटी. त्याआधी एक कोरा कागद घे आणि त्यावर चार प्रश्नांची उत्तरं लिही. वर्षाला किती ओळी येणार? एक ओळ किती बाइटची? ती किती वर्षं ठेवायची? आणि तिला कोण काय विचारणार? मोठं टेबल पुढे वेगाने चालेल की रडतखडत, हे याच चार उत्तरांवर ठरतं. एकदा का कोट्यवधी ओळी आत गेल्या की साधा कॉलम बदलायलाही रात्रीचा दिवस करावा लागतो, आणि ती वेळ नेमकी मुदत संपायच्या आठवड्यात येते. तहान लागल्यावर विहीर खणायची पाळी तुझ्यावर येऊ नये, म्हणून एवढं सांगते आहे.

चल, आपण दोघी मिळून हिशेब करू. आकडे मी धरून चालते, खरे तू मागवून घे. धर, आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतून खरिपात ६ लाख अर्ज येतात आणि रब्बीत २ लाख. वर्षाचे ८ लाख. यात मोठं काय, असं वाटेल. पण एका अर्जामागे किती घटना असतात ते बघ. अर्ज भरला, हप्ता जमा झाला, कागदपत्रं तपासली, नुकसानीची सूचना आली, पंचनामा झाला, भरपाई ठरली, पैसे बँकेत गेले, शेतकऱ्याला मेसेज गेला. आठ घटना झाल्या. म्हणजे वर्षाला ६४ लाख ओळी, दहा वर्षांत ६ कोटी ४० लाख. अर्जांचं टेबल आटोक्यातच राहतं, फुगतं ते घटनांचं. तुझं सगळं लक्ष त्या टेबलावर हवं.

उद्या वरून सांगितलं की हेच सॉफ्टवेअर राज्यभर चालवायचं, तर? महाराष्ट्रात जिल्हा परिषदा ३४. प्रत्येक जिल्ह्याचा बोजा धाराशिवएवढाच धरला तरी दहा वर्षांत २१७ कोटींहून जास्त ओळी होतात. आता लक्ष दे. आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये साधा इंटिजर चार बाइटचा असतो आणि त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ आहे, म्हणजे २१५ कोटींच्या आतच. ओळीचा क्रमांक साध्या इंटिजरमध्ये ठेवलास तर दहाव्या वर्षी, ऐन हंगामात, नवी नोंद घ्यायलाच टेबल नकार देईल. बिगइंटला आठ बाइट लागतात. ओळीमागे चार बाइट जास्त गेले तर जाऊ देत, क्रमांकाला पहिल्या दिवसापासून बिगइंटच घाल. कंजुषी करायची ती दुसरीकडे, ती आता सांगते.

दुसरा प्रश्न ओळीच्या रुंदीचा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक ओळीला स्वतःचं असं २३ बाइटचं शीर्ष असतं, ते जुळवून घेताना २४ होतं. वर त्या ओळीचा पत्ता ठेवायला पानावर ४ बाइट जातात. हा खर्च टळत नाही. पुढचं तुझ्या हातात आहे. घटना क्रमांक आणि अर्ज क्रमांक आठ-आठ बाइट, वेळेचे दोन कॉलम आठ-आठ, गावाचा कोड चार, पीक, घटनेचा प्रकार आणि हंगाम हे कोड दोन-दोन बाइटचे, आणि शेवटी छोटी टिपणी. टिपणी सरासरी वीस चिन्हांची धर, काना-मात्रा वेगळ्या मोजून. कॉलमांचा क्रमही असाच ठेव, आठ बाइटचे आधी, मग चारचा, मग दोनचे, मजकूर शेवटी. क्रम विस्कटला की मधे रिकामे बाइट भरले जातात आणि ओळ उगाच रुंद होते. या मांडणीत पत्ता धरून एक ओळ १३२ बाइटची भरते. ६ कोटी ४० लाख ओळींचे झाले साधारण साडेआठ जीबी.

आता हेच कुणी कोडऐवजी नावं लिहून केलं तर काय होईल, ते बोटावर मोजून बघ. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'धाराशिव' घे. ध, काना, र, काना, श, वेलांटी, व. सात चिन्हं, २१ बाइट, आणि लांबी नोंदवायला आणखी एक, एकूण २२. 'तुळजापूर' २५. गाव 'काक्रंबा' धरलं तर २५. 'सोयाबीन' २२. 'पंचनामा पूर्ण' ३८. हे सगळे मिळून १३२ बाइट झाले, आणि यांच्या जागी गाव, पीक आणि प्रकार मिळून तुझे कोड फक्त ८ बाइटचे होते. तालुका आणि जिल्हा गावाच्या कोडवरून कळतातच. नावं लिहिलेली ओळ २६० बाइटची होते, म्हणजे जवळपास दुप्पट. तेच टेबल साडेसोळा जीबीवर जातं. डिस्क स्वस्त आहे म्हणून कुणी हे हसण्यावारी नेईल. पण दुप्पट रुंद ओळी म्हणजे तेवढ्याच मेमरीत निम्म्या ओळी, बॅकअपला जास्त वेळ आणि प्रत्येक शोधाला जास्त पानं वाचणं.

आणि खरं कारण तर आपल्या जिल्ह्यानेच दाखवून दिलं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांच्या टेबलात जिल्ह्याचा कोड होता, त्यांनी जिल्ह्यांच्या यादीत एक ओळ बदलली की काम संपलं. ज्याच्या प्रत्येक ओळीत 'उस्मानाबाद' लिहिलेलं असेल, त्याला कोट्यवधी ओळी बदलाव्या लागतात. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी खोडत नाही, नवी प्रत लिहितं आणि जुनी मागे पडून राहते. म्हणजे सगळं टेबल एकदा बदललं की ते तेवढ्यापुरतं दुप्पट जागा खातं. शिवाय कुणी 'परंडा' लिहितं, कुणी 'परांडा'. नावावर शोध घेतला की अर्धा तालुका हातातून निसटतो. कोड ठेवलास की हा घोळच होत नाही. गावांना जनगणनेचे कोड आहेतच, ते घे, स्वतःचे नवे काढत बसू नकोस.

शेताच्या फोटोंचं आत्ताच ठरवून टाक, कारण कुणीतरी हमखास म्हणणार की फोटो टेबलातच ठेवू. ८ लाख अर्ज, प्रत्येकी दोन फोटो, एक फोटो १५० केबीचा धरला तरी वर्षाला २४० जीबी होतात. तुझं घटनांचं टेबल दहा वर्षांत साडेआठ जीबी, आणि फोटो एका वर्षात २४०. फोटो वेगळ्या फाइल साठवणीत जाऊ देत. टेबलात फक्त त्यांचा पत्ता आणि फाइल बदलली नाही याची खूण ठेव. आधार क्रमांक आणि बँक खातं तर घटनांच्या टेबलात अजिबात नकोत. ते एकाच ठिकाणी, सांभाळून, मोजक्या लोकांच्या नजरेला पडतील असे ठेव. शेतकऱ्याने ते विश्वासाने दिलेले असतात.

तिसरा प्रश्न, किती वर्षं ठेवायचं. इथे तुला २०२० ची आठवण करून द्यायची आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन अतिवृष्टीत गेलं. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली नाही, या मुद्द्यावर भरपाई अडली. प्रश्न साडेतीन लाखांच्या आसपास शेतकऱ्यांचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं, २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला आणि पुढे ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. टेबल मांडणाऱ्या बाईने यातून दोन गोष्टी उचलायच्या.

पहिली, वेळ दोन कॉलमांत ठेव. नुकसान कधी झालं ती एक आणि सूचना आपल्यापर्यंत कधी पोहोचली ती दुसरी. शेतात रेंज नसते, मोबाइलमधली नोंद कधीकधी रात्री गावात आल्यावर वर जाते. एकच वेळ ठेवलीस तर शेतकऱ्याने वेळेत कळवलं होतं की नाही, याचं उत्तर तुझ्या टेबलातून कधीच निघणार नाही. आणि एकदा लिहिलेली घटना बदलू नकोस. चूक दुरुस्त करायची असेल तर दुरुस्तीची नवी ओळ घाल. घटनांच्या टेबलात ओळी फक्त येतील, बदलणार नाहीत, असा नियमच कर. हिशेबाला हे चोख, आणि टेबलाच्या तब्येतीलाही चांगलं.

दुसरी, २०२० च्या हंगामाच्या घटना २०२२ मध्येही घडत होत्या. म्हणून दोन वर्षं झाली की जुनं काढून टाकू, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. किती वर्षं ठेवायचं, हे संबंधित कार्यालयाकडून लेखी घे. वाद चालू असलेला हंगाम हलवायचा नाही, हेही त्यात लिहून घे.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. कोण काय विचारणार?

आपल्या तहसीलच्या अभिलेख कक्षात बस्ते कसे असतात ते तुला माहीत आहे. साधारणपणे गाव आणि वर्ष धरून बांधलेले. गाव सांग, वर्ष सांग, जाणता माणूस योग्य बस्ता काढून देतो. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे त्यात मोडी, उर्दू, फारसी दप्तरही आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची वेळ आली. आता विचारणा गावाची किंवा वर्षाची नव्हती, पानोपानी लिहिलेल्या एका शब्दाची होती. बस्ते व्यवस्थित असूनही त्यांचा उपयोग नव्हता. माणसं बसवून पानन् पान उलटावं लागलं.

तुझ्या टेबलाचं अगदी हेच होतं. ज्या प्रश्नासाठी इंडेक्स आहे तो प्रश्न झटक्यात सुटतो. कोट्यवधी ओळींचा इंडेक्सही तीन-चार पायऱ्यांचाच खोल असतो, म्हणजे चार-पाच पानं वाचली की ओळ हाती लागते. ज्यासाठी इंडेक्स नाही, त्यासाठी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं चाळावं लागतं. म्हणून इंडेक्स करण्याआधी विचारणाऱ्या माणसांची यादी कर.

शेतकरी विचारतो, माझ्या अर्जाचं काय झालं? त्याला हंगाम आणि अर्ज क्रमांकावर इंडेक्स हवा. हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहून विचारलेला असतो, त्यामुळे याचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत यायला हवं. सहायक कृषी अधिकारी विचारते, या हंगामात माझ्या गावांत नुकसानीच्या सूचना कुठल्या आल्या, गेल्या दोन दिवसांतल्या? तिला हंगाम, गाव, प्रकार आणि शेवटी वेळ, या क्रमाने एकच जोड इंडेक्स. क्रम जपायचा. ज्या गोष्टी 'हेच हवं' अशा विचारल्या जातात त्या आधी, आणि 'इथपासून इथपर्यंत' अशी विचारली जाणारी वेळ शेवटी. वेळ आधी घातलीस तर सगळ्या गावांच्या नोंदी चाळत बसावं लागेल. पंचनामा बाकी असलेल्या अर्जांसाठी अर्जांच्या टेबलावर अर्धा इंडेक्स कर, म्हणजे फक्त बाकी असलेल्या ओळींपुरता. तो इवलासा असतो आणि काम संपत जाईल तसा आतून रिकामा होत जातो.

जिल्हा कार्यालय विचारतं, तालुकावार एकूण किती? हा प्रश्न कोट्यवधी ओळींना दर पाच मिनिटांनी विचारू देऊ नकोस. त्यासाठी बेरजांचं वेगळं छोटं टेबल ठेव आणि दर तासाला ते ताजं कर. पडद्यावर 'अमुक वाजेपर्यंतची माहिती' असं स्पष्ट लिही. बैठकीसाठी तासाभरापूर्वीचा आकडा पुरतो, आणि त्याने शेतकऱ्याची रांग अडत नाही.

इंडेक्स म्हणजे फुकटचा वेग, असं समजून सगळ्या कॉलमांवर करू नकोस. एक ना धड भाराभर चिंध्या होतील. ओळ घालताना प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावं लागतं. पाच इंडेक्स म्हणजे एका नोंदीला सहा ठिकाणी लिखाण. घटनांच्या टेबलाला तीन पुरे. एका इंडेक्सला एका ओळीमागे साधारण ३० बाइट धर, म्हणजे दहा वर्षांत एकेक इंडेक्स दोन जीबीच्या आसपास आणि तिन्ही मिळून सहा. कुठला इंडेक्स वापरातच नाही हे पोस्टग्रेस मोजून ठेवतं, दर हंगामानंतर बघ आणि पडीक असेल तो काढून टाक. चालू टेबलावर नवा इंडेक्स करायचा असेल तर 'कन्करंटली' हा शब्द घालून कर, आणि टेबल तुकड्यांत असेल तर एकेका तुकड्यावर. नाहीतर तो तयार होईपर्यंत नव्या नोंदी अडकून राहतील.

पार्टिशनबद्दल तू विचारलं होतंस. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय सरळपणे मिळते. एक टेबल आतून तुकड्यांत ठेवायचं, बाहेरून ते एकच दिसतं. तुकडे कशावर पाडायचे? बहुतेक जण महिन्यावर किंवा वर्षावर पाडतात. तू हंगामावर पाड. कारण मघाशीच सांगितलं. २०२० च्या खरिपाची घटना २०२२ मध्ये घडली तरी ती त्या खरिपाचीच आहे आणि तिथेच सापडली पाहिजे. म्हणून तर ओळीत हंगामाचा कोड घातला. दहा वर्षांत वीस तुकडे होतील, तेवढे बेताचे आहेत. गावागणिक तुकडे पाडायचा मोह धरू नकोस. शेकडो तुकडे झाले की प्रश्नाचं उत्तर कुठून आणायचं हे ठरवण्यातच वेळ जातो.

दोन पथ्यं मात्र पाळ. पार्टिशन केलेल्या टेबलाच्या मुख्य किल्लीत हंगाम असावाच लागतो. आणि प्रत्येक क्वेरीत हंगाम लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर ती वीसच्या वीस तुकडे धुंडाळत बसते. खरं सांगू, एका जिल्ह्यापुरतं पाहिलं तर खरिपाचा तुकडा ४८ लाख ओळींचा, साडेसहाशे एमबीच्या आत. तेवढ्यासाठी पार्टिशन नसलं तरी चालतं. पण राज्यभर गेलात तर तोच तुकडा १६ कोटी ओळींचा आणि साडेएकवीस जीबीचा होतो. तेव्हा जुना हंगाम बाजूला काढणं, त्याचा वेगळा बॅकअप घेणं, त्याचे इंडेक्स नव्याने बांधणं हे सगळं तुकड्यातुकड्याने करता येतं. आज थोडी जास्त मेहनत घेतलीस तर पुढे चैन आहे.

टेबलाची झाडलोट विसरायची नाही. अर्जांच्या टेबलात 'सद्यस्थिती' सतत बदलत राहणार, आणि प्रत्येक बदलाने एक मृत ओळ मागे राहणार. त्या ओळींची जागा मोकळी करणारा ऑटोव्हॅक्यूम आपोआप चालतो, पण मुळात तो टेबलाच्या वीस टक्के ओळी मृत होईपर्यंत थांबतो. ८० लाख अर्जांच्या टेबलात वीस टक्के म्हणजे १६ लाख मृत ओळी. तेवढं साचू देऊ नकोस, त्या टेबलापुरता हा आकडा दोन टक्क्यांवर आण. पानं गच्च न भरता थोडी जागा मोकळी सोड, फिलफॅक्टर ८५-९० ठेव. मग बदललेली ओळ त्याच पानावर मावते, आणि बदललेल्या कॉलमला कुठल्याही इंडेक्सने हात लावलेला नसेल तर इंडेक्समध्ये पुन्हा लिहावं लागत नाही. मघाचा अर्धा इंडेक्स म्हणूनच 'सद्यस्थिती'वर न करता 'पंचनामा बाकी' अशा वेगळ्या खुणेवर कर. ती खूण एका अर्जाच्या आयुष्यात एकदा-दोनदाच बदलते.

आता येऊ गर्दीवर. सरासरी काढून सर्व्हर मागू नकोस. खरिपाचे ६ लाख अर्ज ४५ दिवसांत येतात असं धरलं तर दिवसाला तेरा हजार होतात आणि सगळं सोपं वाटतं. पण खरिपाची मुदत साधारण जुलैअखेर संपते आणि पेरणीच्या धांदलीत माणूस शेवटच्या दिवशीच येतो, हे तू पाहिलेलं आहेस. शेवटच्या दोन दिवसांत दीड लाख अर्ज धर. दहा तासांच्या दिवसात सेकंदाला दोन, राज्यभरात सत्तर. प्रत्येक अर्जामागे अर्जाची ओळ, घटनांच्या ओळी आणि त्यांचे इंडेक्स. वर पुन्हा 'जमा झाला का' असं विचारणारे वेगळे. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने जे केलं, तसं झालं की दुसरी लाट येते, नुकसानीच्या सूचनांची. तुझं टेबल या दोन लाटांसाठी बांध. बाकीचं वर्ष ते आरामात चालेल.

आता सर्व्हरचं बोलू. दहा वर्षांचं टेबल साडेआठ जीबी, इंडेक्स सहा, अर्जांचं टेबल आणि मृत ओळींची तजवीज धरून वीस म्हण. टेबल नव्याने बांधायची वेळ आली तर तेवढीच जागा मोकळी लागते, म्हणून चाळीस. त्यावर लॉगसाठी वेगळी जागा. जिल्ह्यापुरती शंभर जीबीची डिस्क ऐसपैस झाली, पण ती एसएसडीच हवी. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला शंभरेक ठिकाणची पानं वाचते, एसएसडी हजारोंनी वाचते, आणि इंडेक्सचं कामच इकडून तिकडून पानं उचलायचं असतं. मेमरी ठरवताना सगळं टेबल मोजू नकोस, चालू हंगामाचा तुकडा आणि त्याचे इंडेक्स मोज. जिल्ह्याला ते एक-सव्वा जीबी होतं, १६ जीबीचं मशीन भरपूर झालं. राज्याला छत्तीसच्या आसपास, तिथे ६४ माग. आणि मागताना हा कागद सोबत जोड. नुसतं 'मोठा सर्व्हर द्या' म्हटलं की लोक वाद घालतात, हिशेब समोर ठेवला की वाचतात.

मंजुरी मिळाली की लगेच खऱ्या नोंदी भरू नकोस. आधी खोट्या नोंदी बनवून ६ कोटी ४० लाख ओळी घाल. दहा हजार ओळींवर प्रत्येक क्वेरी वेगवान वाटते, त्यावर विश्वास ठेवू नकोस. गावंही सारखी भरू नकोस, मोठ्या गावाला जास्त ओळी दे, कारण खऱ्या जगात तसंच असतं. नोंदी घालून झाल्या की 'अ‍ॅनालाइझ' चालव. मग यादीतल्या प्रत्येक प्रश्नाला 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' लावून बघ. किती ओळी मिळतील असं त्याला वाटलं होतं आणि प्रत्यक्षात किती मिळाल्या, या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर तिथेच दुखणं आहे. आणि बॅकअप घेतलास एवढ्यावर समाधान मानू नकोस. तो दुसऱ्या मशीनवर चढवून बघ, किती वेळ लागला ते लिहून ठेव. परत चढवून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवायचा नाही.

टीममध्ये कुणी म्हणेल, आत्ता कशाला एवढं, पुढचं पुढे बघू. तेव्हा आवाज चढवू नकोस, पण मागेही हटू नकोस. कागद पुढे सरकव. तुझ्या टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचं तरी एकर-दोन एकर सोयाबीन आहे, कुणाच्या तरी मुलीची फी आहे. ती ओळ वेळेवर सापडली तर तो माणूस दोन चकरा वाचवतो, न सापडली तर कोर्टात उभं राहायची पाळी येते. एवढी मोठी गोष्ट तुझ्या हातात दिली आहे आणि तू ती करशील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

या आठवड्यात एवढंच कर. अर्जांचा आणि घटनांचा खरा आकडा माग, ओळीची रुंदी मांड, किती वर्षं ठेवायचं ते लेखी घे आणि विचारणाऱ्या माणसांची यादी कर. शक्य असेल तर एक दिवस सेवा केंद्रात बस, आलेली माणसं खरोखर काय विचारतात ते कानांनी ऐक. कागद भरला की फोटो काढून मला पाठव. रात्री जेवणं आटोपली की फोन करते, एकेक आकडा दोघी मिळून तपासू.